फुगा दाबला की चालतंय, सोडला की मरतंय: होडीच्या जुन्या इंजिनाचा कार्बोरेटर

नदीकाठचा (मांजरी)
नमस्कार मंडळी. आमचा मळा कृष्णेच्या काठाला, चिकोडी भागात. 2019 च्या पुरात वस्तीवर अडकलो होतो तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी कुणाच्या बोटीची वाट बघायची नाही. नंतर गोव्यातून जुनी फायबरची होडी आणि मागं लावायचं इंजिन आणलं. 15 हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, कार्बोरेटर (पेट्रोलात हवा मिसळणारा भाग) एकच. उन्हाळाभर गोठ्यात लटकलेलं असतंय. पाणी चढायला लागलं की नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढायला आणि पलीकडची वैरण आणायला लागतंय.

आता दुखणं सांगतो. चोक ओढून तीन-चार झटक्यांत सुरू होतंय. संथ बरं चालतंय. गिअर टाकून वेग वाढवला की मिनिटभर जातंय, मग घरघर करून मरतंय. टाकीच्या नळीवरचा, पेट्रोल पुढं ढकलायचा रबरी फुगा दाबत राहिलं तर मात्र पळतंय. म्हणून धाकट्याला फुग्यावर बसवलाय. परवा त्यानं मोबाइल काढला आणि आम्ही वैरणीसकट दुसऱ्याच्या उसात.

कार्बोरेटर तीनदा खोलून झालाय. पहिल्यांदा मोटारसायकलच्या मिस्त्रीनं खोलला, जेटमधून (पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यातून) तार फिरवली आणि "सरी आत्री" (झालं बरोबर) म्हणून पैसे घेतले. नंतर दोनदा मीच खोलला. वाटीत तळाला पिवळट गोंदासारखं होतं, ते काढलं. वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट बरोबर, सुई बरोबर. खालचा स्पार्क प्लग तपकिरी निघतोय, वरचा ओला काळा. पेट्रोलमध्ये तेल 1 लिटरला 20 मिली. आता नवा कार्बोरेटरच घ्यावा काय?

हिडकलचा_जाळेवाला
आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू ढिला आहे का बघा. हसू नका, माझा दोनदा बंद राहिलाय आणि दोन्ही वेळा मी कार्बोरेटरला शिव्या दिल्यात. हवा आत जाईना की टाकी पेट्रोल सोडत नाही.

दुसरं, पेट्रोल गेल्या वर्षीचं असलं तर ओतून टाका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं मिळतंय, ते हवेतलं पाणी ओढतंय. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतंय आणि टाकीतली नळी नेमकी तळातलंच ओढते. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच इंजिनात, काय बोलणार.

नदीकाठचा (मांजरी)
स्क्रू ढिलाच आहे. झाकण पूर्ण काढूनही चालवून बघितलं, तेच. पेट्रोल नवं, दोन आठवड्यांचं.

खानापूरकर_सध्या_गोव्यात
दादा, नवा कार्बोरेटर घेऊ नका. मी इथं जेटीवर हीच कामं करतो. उत्तर तुमच्या पोस्टमध्येच आहे, पण ते वरच्या प्लगचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय.

फुगा दाबल्यावर इंजिन सावरतंय, म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पुरेसं पोचतच नाही. जेट चोंदला असता तर फुगा कडक असूनही मेलं असतं आणि चोक अर्धा ओढल्यावर सावरलं असतं. आता चालत्या इंजिनात फुग्याकडं बघा. चिपाडासारखा आत बसत असेल तर अडथळा टाकीकडं आहे. नुसता मऊ पडत असेल तर नळी कुठंतरी हवा ओढतेय किंवा पेट्रोलचा पंप गेलाय. फुगा आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी घाला. बुडबुडे दिसले तर क्लिपा आणि जोडाची रबरी रिंग बदला. दिसले नाहीत तर पंप.

या पंपाला वायर नाही की पट्टा नाही. आत पातळ पडदा असतो. पिस्टन वर-खाली झाला की क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या बंद पेटीतला) दाब बदलतो आणि तो पडदा हलवतो. बहुतेक दोन सिलिंडरच्या इंजिनांत हा दाब एकाच सिलिंडरकडून येतो. पडद्याला भोक पडलं की त्याच वाटेनं कच्चं पेट्रोल त्या सिलिंडरमध्ये शिरतं. तुमचा वरचा प्लग ओला कशामुळं, ते कळलं ना आता.

आणि तोवर फुल वेगानं पळवू नका. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, पिस्टन धरून बसेल.

उद्यमबागचा_टर्नर
तारेचं कुणी बोलेना की ओ! जेटचं भोक पितळेचं असतंय, पोलादी तार फिरवली की मोठं होतंय नाहीतर अंडाकृती. मग कितीबी साफ करा, माप गेलं ते गेलं. मी चाळीस वर्षं लेथवर काढलीत, पण जेट बनवून देत नाही, नवाच घ्या म्हणतो. साफ करायला वायरमधला तांब्याचा एक बारका धागा नाहीतर मासे धरायची नायलॉन दोरी. आणि चाचणी पाण्याच्या बॅरलमध्येच घ्या, कोरडं चालवलंत तर पाणी ओढायचा रबरी पंखा जळतोय.

नदीकाठचा (मांजरी)
खानापूरकर, पंपच निघाला. फुगा मऊ पडत होता, नळीत बुडबुडा एकही नाही. चार स्क्रू काढले, पडदा पापडासारखा कडक आणि कडेला टाचणीएवढं भोक. उजेडाकडं धरला तेव्हा दिसलं. तीन वेळा कार्बोरेटर खोलला आणि बोटभर अंतरावरचा पंप एकदाही खोलला नव्हता.

पडद्याचा संच, पॅकिंग आणि मेन जेट पाहुण्याकरवी गोव्यातून मागवलं. काल बॅरलमध्ये आणि आज सकाळी नदीत, अर्धा तास सलग पळालं, फुग्याला हात लावला नाही. फक्त संथ चालताना आता गचके देतंय. पोरगं म्हणतंय, आता मला होडीत कशाला नेताय.

खानापूरकर_सध्या_गोव्यात
संथ चालीचा पेट्रोल-हवेचा स्क्रू फुगा दाबून चालवलेल्या इंजिनावर लावलेला असणार, परत लावा. हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड वळसा बाहेर. इंजिन गरम झालं की थोडा थोडा आत घ्या, अडखळलं की तिथून पाव वळसा परत बाहेर. आणि रोज घरी आल्यावर नळी काढून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं, बॅरलमध्ये. तो पिवळा गोंद तिथंच राहिलेल्या पेट्रोलचा होतो.