रक्त सांडलं की टॅग संपला: एल्कच्या शिकारीत हा नियम हवा की नको?

कडेपठार (धागाकर्ता)

प्रसंग अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या पश्चिम उतारावरचा, गेल्या सप्टेंबरमधला. आमच्या तळावरच्या एका शिकाऱ्याने संध्याकाळी, उजेड जायच्या बेतात असताना, एका एल्क नरावर (एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) बाण सोडला. अंतर ६० यार्डांच्या आसपास. बाण लागला, पण नेमका कुठे ते त्याला दिसलं नाही. रात्र तळावर काढून आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी दुपार ढळेपर्यंत माग काढत होतो. आधी पानांवर गडद रक्त, मग तुरळक थेंब, मग ॲस्पेनच्या दाट झाडीत काहीच नाही. दोन दिवसांनी त्याच माणसाने त्याच टॅगवर, म्हणजे एका जनावराच्या शिकारीच्या परवान्यावर, दुसरा नर मारला.

कायद्याने त्याचं काही चुकलं नाही. जखमी जनावर शोधायचा वाजवी प्रयत्न करणं बंधनकारक आहे, तो त्याने केला. टॅग लागतो तो हाती आलेल्या जनावराला.

माझं मत असं, की त्याचा हंगाम पहिल्या बाणालाच संपायला हवा होता. बाण आत गेला आणि रक्त दिसलं, तर जनावर सापडो न सापडो, टॅग खर्ची पडला. हे मी माझ्यापुरतं पाळतोच, पण मला तो कायदा म्हणूनही हवा आहे. यात अशक्य असं काही नाही. अलास्काच्या काही विभागांत अस्वल जखमी केलं की ते तुमच्या कोट्यात धरलं जातं. दक्षिण आफ्रिकेत जखमी करून हरवलेल्या जनावराचे पूर्ण पैसे मोजावे लागतात, ती तिथली रीतच आहे.

खरा मुद्दा बाण सोडण्याआधीचा आहे. आजच्या चांगल्या कंपाउंड (कप्प्या बसवलेल्या) धनुष्यातून बाण सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास जातो. ६० यार्ड कापायला त्याला सेकंदाचा दोन तृतीयांश वेळ लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. तेवढ्या वेळात एल्कने एक पाऊल पुढे टाकलं तरी फुफ्फुसांवर धरलेला बाण पोटात जातो. तुमचा नेम कितीही पक्का असो, ते पाऊल तुमच्या हातात नाही. घरामागे फोमच्या निशाणावर ८० यार्डांवरून मूठभर जागेत बाण लावणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या कौशल्याबद्दल आदरच आहे. पण फोम पाऊल टाकत नाही. चढ चढून आलेल्या माणसाची छाती धडधडत असते, पुढ्यात तीनशे किलोचा नर आरोळी देत असतो, मध्ये एखादी फांदी असते. आपल्या अंगणातल्या अंतराच्या निम्म्या अंतरावर थांबावं, जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं तिरकं उभं असेल तरच सोडावा, आणि दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात हात आवरावा. एवढं पाळलं तर टॅग गमवायची वेळ क्वचितच येईल.

विरोधी मतं यावीत म्हणूनच धागा काढलाय.

---

तीरकमठा

कडेपठार, तुमच्या शिस्तीबद्दल शंका नाही, पण नियमाला माझा ठाम विरोध आहे.

एक तर रानात पंच नसतो. आज लोक निदान तळावर येऊन सांगतात, "बाण लागला, चला, माग काढायला या." उद्या रक्त म्हणजे टॅग गेला असं ठरलं, की हाच माणूस म्हणेल, "चुकला माझा." मदत मागणार नाही, शोधणार नाही. काही युनिटांतला (शिकारीच्या आखलेल्या विभागांतला) टॅग मिळायला लोक वर्षानुवर्षं सोडतीचे गुण साठवतात. तो एका थेंबावर सोडून देण्याइतका प्रामाणिकपणा ज्याच्याकडे आहे, त्याला नियमाची गरज नाही. ज्याच्याकडे नाही, त्याला तुम्ही खोटं बोलायला शिकवताय.

दुसरं, सगळ्या जखमा सारख्या नसतात. पाठीच्या कण्याच्या वरच्या मांसातून बाण आरपार गेला तर एल्क जगतो. मांस कापताना जुन्या ब्रॉडहेडचं (बाणाच्या धारदार टोकाचं) पातं भरून आलेल्या मांसात सापडल्याचे अनुभव कितीतरी शिकाऱ्यांना आहेत. त्या जनावराला मेलेलं धरून टॅग का संपवायचा?

आणि अंतराबद्दल. ४० यार्डांवर पाऊल टाकत चाललेल्या जनावरापेक्षा ६० यार्डांवर निवांत चरणारं, माझा सुगावा नसलेलं जनावर मला जास्त खात्रीचं वाटतं. एकच आकडा सगळ्यांच्या गळ्यात बांधू नका.

---

पशुवैद्य

मी एल्क मारत नाही, पण जनावरांचं शरीर रोज बघतो, म्हणून लिहितोय.

गोळी आणि बाण यांचं काम वेगळं. रायफलची गोळी आसपासच्या ऊतींनाही धक्का देते. बाण फक्त कापतो, मरण येतं ते रक्तस्रावाने. दोन्ही फुफ्फुसांतून धारदार पातं गेलं तर एल्क शंभरेक मीटर पळतो आणि काही सेकंदांत कोसळतो. हे मरण वाईट नाही. एकच फुफ्फुस कापलं गेलं तर मात्र तो मैलोगणती जाऊ शकतो.

रक्त बरंच काही सांगतं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस. हिरवट, घाण वासाचं असेल तर पोट किंवा आतडी. आणि कडेपठारांनी लिहिलंय तसं गडद रक्त म्हणजे बहुधा यकृत. यकृतात पातं गेलेला एल्क वाचत नाही. तो काही तासांत कुठेतरी झुडपात बसून मेला असणार. म्हणजे तुमच्या तळावर एका टॅगवर दोन नर गेले, हे स्वच्छ म्हणायला हवं. तीरकमठा म्हणतात ती पाठीवरची जखम आणि ही जखम एका रांगेत बसवता येत नाहीत.

संध्याकाळच्या बाणाबद्दल कडेपठारांशी सहमत, कारण मात्र थोडं निराळं. यकृताला लागलं असेल तर चार-सहा तास, पोटात लागलं असेल तर दहा-बारा तास थांबून मग मागावर जायचं असतं. घाईने गेलं की बसलेलं जनावर उठतं आणि हरवतं. पण सप्टेंबरमध्ये दिवसा ऊन चांगलंच असतं. एल्कची कातडी जाड, केस दाट, अंगात प्रचंड उष्णता. मेलेलं जनावर रात्रभर तसंच पडलं तर मांडीच्या हाडाजवळचं मांस आंबायला लागतं. शिवाय अस्वल आणि कोयोटी आहेतच. थांबलं तर मांस जातं, न थांबलं तर जनावर जातं. उजेड संपताना सोडलेला बाण माणसाला या कोंडीत टाकतो.

---

मृगनक्षत्र

सगळी चर्चा चुकीच्या टोकाकडून चालू आहे असं मला वाटतं.

ज्या हत्याराने जनावर मैलोगणती जखमी फिरू शकतं, ते हत्यार करमणुकीसाठी वापरायचंच का? जर्मनी आणि ब्रिटनमध्ये शिकार कायदेशीर आहे, शिकारीची मोठी परंपरा आहे, तरीही धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. तिथले लोक काही कमी शिकारी नाहीत. रायफल जास्त दयाळू असेल तर धनुष्य निवडताना तुम्ही स्वतःच्या आनंदासाठी जनावराचा धोका वाढवताय. त्याला संयम म्हणता येणार नाही.

शिवाय हा सप्टेंबरचा हंगाम म्हणजे एल्कचा माजाचा काळ. मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला बोलवायचं आणि मारायचं. आदिपर्वातली पंडूची गोष्ट सगळ्यांना शापामुळे आठवते. पण किंदम ऋषी, जो मृगरूपात होता, तो पंडूला काय म्हणतो बघा. राजे हरणं मारतात याबद्दल मी तुला दोष देत नाही, पण तू थांबायला हवं होतंस. आक्षेप मारण्यावर नाही, त्या घडीला मारण्यावर आहे. तो आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

---

हेमांगी_डेन्व्हर

मृगनक्षत्र, किंदमाचा दाखला फार नेमका आहे, त्यावर विचार करतेय. पण दोन गोष्टी.

माजाच्या काळात रायफल दिली तर नर उघड्यावर आरोळ्या देत फिरताना सहज टिपले जातील. म्हणून कोलोरॅडोत रायफलचे मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि धनुष्याचा सप्टेंबरमध्ये. धनुष्याने यश येतं ते दहांत एखाद्याला. तुम्ही म्हणता तसं रायफलवर यायचं तर महिनाही बदलावा लागेल. तसं करा म्हणणं प्रामाणिक आहे, पण मग किती नर जातील याचा हिशेबही मांडावा लागेल.

दुसरं, एल्क म्हातारपणी शांतपणे मरत नाही. बर्फात उपासमार, पुमा, आणि डिसेंबर २०२३ पासून सोडलेले लांडगे.

---

मृगनक्षत्र

लांडग्याला पर्याय नाही, त्याला निवड करता येत नाही. माणसाला येते. लांडगे काय करतात हा आपल्या वागण्याचा आधार होऊ शकत नाही. महिन्याचा मुद्दा मात्र मान्य. ऑक्टोबर, रायफल, कमी टॅग: माझी तयारी आहे.

---

नांगरट

मी विदर्भातला शेतकरी. इथे १९७२ चा कायदा आहे, हौसेची शिकार बंद. म्हणून जनावरांचे हाल थांबले का? रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडतात, त्यात वाघही मेलेत. तारेचे फास लावतात, जनावर त्यात रात्रभर अडकून पडतं. माझ्या हरभऱ्याचं नुकसान मीही सोसतो, तरी फासाला हात लावत नाही. शेजारी लावतात. कायदा दोघांना एकच.

कडेपठारसाहेब, तुमचा नियम मला पटतो तो एका कारणाने. तीरकमठा म्हणतात लोक लपवतील. लपवणारा आजही लपवतोच. पण आज जो लपवत नाही, त्याला शोध लवकर थांबवायची मोकळीक आहे, कारण टॅग शिल्लक आहे आणि डोंगरात दुसरे नर आहेत. टॅग संपला असता तर ते हरवलेलं जनावर हीच त्याची वर्षाची शिकार. मग तो दुपारी परतला असता का?

---

कडेपठार

नांगरट, हे मला मांडायचं होतं आणि तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. त्या दुपारी परतायचं कोणी ठरवलं, तर ज्याचा टॅग शिल्लक होता त्याने. आम्ही बाकीचे अजून एक ओढा उतरायला तयार होतो.

तीरकमठा, पाठीवरच्या जखमेचा मुद्दा खरा आहे. पण तो निवाडा कोण करणार? ज्याला दुसरा नर मारायचा आहे तोच. प्रत्येक हरवलेला एल्क मग "वरून घासून गेला असेल" असाच होतो. शंका असेल तर ती जनावराच्या बाजूने धरायला हवी.

आता तुम्हाला एक विचारतो. नर आवाजाला येतो तेव्हा बहुतेक वेळा तोंड तुमच्याकडेच असतं. समोरून सोडता?

---

तीरकमठा

हो, सोडतो. २० यार्डांच्या आत, मान वर असेल आणि गळ्याच्या खालची ती वाटीएवढी जागा मोकळी दिसत असेल तर. तिथून पातं छातीच्या पोकळीत उतरतं आणि जनावर डोळ्यांसमोर पडतं. दोन बोटं बाजूला गेलं तर खांद्याच्या हाडावर अडकतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून २० च्या पुढे कधीच नाही.

नांगरटांच्या मुद्द्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तरी कायदा नको, यावर मी ठाम आहे. त्यापेक्षा माग काढायला दोरीवरचा कुत्रा आणणं सगळीकडे सोपं करा. काही राज्यांत ती परवानगी आहे, त्याने खरंच हरवलेली जनावरं सापडतात. आणि कडेपठार, अंतर आणि उजेड यांबद्दल इतके कडक आहात, तर त्या माणसाबरोबर पुढच्या सप्टेंबरला तळ टाकणार आहात का?

---

पशुवैद्य

कुत्र्याला अनुमोदन. यकृताला लागलेलं जनावर कुत्र्याला सापडायची शक्यता चांगली असते, पाऊस पडला नाही तर.

समोरच्या बाणाबद्दल मात्र तीरकमठांशी असहमत. "दोन बोटं" एवढी सूट असलेली जागा मी टेबलावर शस्त्रक्रिया करतानाही घाईत निवडत नाही. नर वळेपर्यंत थांबावं. वळला नाही तर गेला.

---

कडेपठार

टाकणार आहे. त्याला मी हे सगळं तोंडावर सांगितलंय, इथे लिहिण्याआधी. त्याला माझं म्हणणं पटलेलं नाही. तो म्हणतो, कायदा पाळला, माग काढला, मांस वाया घालवलं नाही. आमच्या तळावर मात्र यापुढे अट राहील: रक्त दिसलं की बाण सोडणाऱ्याचं धनुष्य पेटीत, आणि जनावर सापडेपर्यंत किंवा हंगाम संपेपर्यंत तो फक्त माग काढणार. ही अट मलाही लागू आहे. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. टॅगच्या अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, तोवर कळेल.