मदत हवी आहे: बुलेट चालू होते आणि चार मिनिटांत मान टाकते

भुंगा३५०
गेले दोन महिने एक रविवार मोकळा गेलेला नाही. गाडी चालू होते, चार मिनिटं झकास चालते, मग गचके देत बंद. पंधरा मिनिटं तशीच ठेवली की पुन्हा दुसऱ्या किकला चालू. परत चार मिनिटं. कार्बोरेटर तीनदा उघडून साफ केला. प्लग नवा. स्पार्क आहे, डोळ्यांनी बघितला. टाकीत पेट्रोल आहे, कृपया विचारू नका.
तिची कॅफे रेसर करतोय, म्हणजे जास्तीचं लोखंड उतरवलेली, खाली वाकून पळवायची गाडी. सीट, क्लिप-ऑन हँडल, सगळं बसवून झालंय, आता फक्त चालायची बाकी आहे. पुढच्या शनिवारी मित्रांबरोबर निघायचं ठरलंय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा.

पाना_दहाअकरा
बुलेट म्हणजे कुठली? कास्ट आयर्न इंजिन की नंतरचं? गिअर उजव्या पायाला की डाव्या? स्पार्कसाठी उघडझाप करणारे सीबी पॉइंट की इलेक्ट्रॉनिक? किती वर्षं उभी होती? यातलं एकही लिहिलेलं नाही आणि नक्की उत्तर पाहिजे!

भुंगा३५०
कास्ट आयर्न. गिअर उजवीकडे. पॉइंट. काकांची गाडी, अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. पण तिचं वय काढून काय उपयोग, ती चालू होतेच आहे ना. बंद का पडते ते सांगा.

घासलेट
एअर फिल्टरचा डबा काढून टाकला असणार. कॅफे रेसरवाले सगळ्यात आधी तोच काढतात, सीटखालचा त्रिकोण मोकळा दिसावा म्हणून. मग कार्बोरेटरच्या तोंडाला ती शंकूसारखी फिल्टर लावतात. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, मिश्रण पातळ झालं. इंजिन तापलं की बंद. मेन जेट, म्हणजे जास्त रेसला पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं भोक, दोन नंबर मोठा घाला, विषय संपला.
प्लग काढून रंग बघा. पांढराफटक असेल तर पातळ, काजळी धरली असेल तर घट्ट, बिस्किटासारखा असेल तर बरोबर. तो कसा आहे ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

तेलकट_बोटं
घासलेटराव, पातळ मिश्रणाची गाडी कार्बोरेटरमध्ये फटाके फोडेल, पिकअप खाईल, पण घड्याळ लावल्यासारखी चार मिनिटांनी बंद पडेल का? हा कंडेन्सर आहे, पॉइंटला जोडलेला, तिथल्या ठिणग्या आवरणारा. गरम झाला की जातो, गार झाला की सुधारतो. "स्पार्क बघितला" म्हणतात, तो गार इंजिनवर बघितला ना? त्याला काही अर्थ नाही. गाडी बंद पडल्या पडल्या, त्याच क्षणी प्लग काढून स्पार्क बघायचा. पॉइंटचं झाकण काढून अंधारात चालू करून बघा, पॉइंटमध्ये पांढऱ्या-निळ्या मोठ्या ठिणग्या दिसल्या तर कंडेन्सर गेला. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तेही बघा. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा.

घासलेट
कंडेन्सर, कंडेन्सर. प्रत्येक धाग्यावर तुमचा कंडेन्सर. मागच्या वेळी एकाचा हॉर्न वाजत नव्हता तेव्हाही तुम्ही कंडेन्सरच म्हणाला होतात.

तेलकट_बोटं
तेव्हा मी अर्थिंग म्हणालो होतो. धागा शोधून वाचा.

शंकासुर
चेनला गिअर ऑइल लावावं की ग्रीस? माझ्या मते इंजिन ऑइल तर मुळीच लावू नये, उडतं.

जुनं_ते_जुनं
मला एक कळत नाही. अकरा वर्षं वाट बघत उभी राहिलेली कास्ट आयर्न बुलेट तुमच्या हाताला लागली, आणि तुम्ही तिचं मडगार्ड कापलंत? हे इंजिन आता परत बनणार नाही. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, असं लांब पावलं टाकत चालणारं इंजिन. त्याला वाकून पळवायचं नसतं, ताठ बसून फिरवायचं असतं. मूळ रूपात आणा. तुमचे काकासुद्धा हेच म्हणतील.

भुंगा३५०
काकांनीच दिलीय. "काय करायचं ते कर, पण शेडमधून हलव" असं म्हणाले. मडगार्ड कुजलेलंच होतं. मूळ विषयावर या.

टनअप_आजोबा
अवांतर, पण वर "वाकून पळवायचं नसतं" वाचून राहवलं नाही. कॅफे रेसर ही काही परवाची फॅशन नाही. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे १९३८ साली सुरू झालं. युद्धात बॉम्ब पडला, १९४९ साली पुन्हा उभं राहिलं. पन्नास-साठच्या दशकात पोरं तिथे आपापल्या गाड्यांवरचं लोखंड उतरवून, हँडल खाली घेऊन यायची, ताशी शंभर मैल गाठायला. नॉर्टनच्या फेदरबेड चासीत ट्रायम्फचं इंजिन बसवायचे, त्याला ट्रायटन म्हणत. तेव्हाही कोणीतरी "नॉर्टन कापली" म्हणून हळहळलंच असेल. आणि खुद्द रॉयल एनफिल्डने १९६५ साली २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी कारखान्यातूनच खाली हँडल लावून विकली. तेव्हा या पोराला बोलू नका, घराणं तेच आहे.

जुनं_ते_जुनं
ट्रायटन बांधणाऱ्यांना इंजिन कळायचं, आजोबा. यांना कार्बोरेटर तीनदा उघडावा लागतोय.

किकवाली
भुंगा, तुमची लक्षणं दोन गोष्टींना सारखीच लागू पडतात, म्हणून वरचे दोघे भांडतायत. गरम झाल्यावर स्पार्क जाणं ही एक. दुसरी म्हणजे पेट्रोल उतरायचं थांबणं. दोन्हीत थोडा वेळ थांबलं की गाडी परत चालू होते. फरक बंद पडण्याच्या तऱ्हेत असतो. स्पार्क गेला तर बहुतेक वेळा कुणी बटण दाबल्यासारखी खाडकन बंद होते. तुम्ही "गचके देत" लिहिलंय, ते उपाशी मरण्यासारखं वाटतंय.
तेव्हा आता काही उघडू नका. गाडी चालवा, गचके सुरू झाले की लगेच चोक ओढा. अर्धा मिनिट जास्त जगली तर पेट्रोलची भानगड. मग बंद पडल्यावर कार्बोरेटरकडचा पाईप काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. सलग धार येते की ठिबक?
आणि टाकी मूळचीच आहे का? आतून काही केलंत का? टोपण तेच आहे का?

भुंगा३५०
टाकी मूळचीच. आत गंज होता, खिळे-बोल्ट टाकून हलवलं, व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवलं, सोड्याच्या पाण्याने धुतलं, वाळवून लायनर (आतून गंजरोधक थर देणारं रसायन) ओतला. पेट्रोल लाल येत होतं ते आता पांढरं येतं. टोपण अर्थातच नवीन आहे. जुनं कुठे शोभणार कॅफे रेसरवर? ॲल्युमिनियमचं, खटक्याने उघडणारं.

किकवाली
हे "अर्थातच" तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. त्या टोपणाला श्वासाचं भोक आहे का?

भुंगा३५०
कसलं भोक?

पाना_दहाअकरा
झालं. चला, सगळ्यांनी पाने आवरा.

किकवाली
टाकीतून पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा वर शिरायला हवी. मूळ टोपणात त्यासाठी बारीक वाट असते. ती नसली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल वरच अडकून राहतं. कार्बोरेटरच्या वाटीत आहे तेवढ्यावर इंजिन चालतं, मग संपतं. तुम्ही पंधरा मिनिटं डोक्याला हात लावून बसता तेवढ्यात वॉशरच्या फटीतून हवा पाझरते, वाटी भरते, दुसऱ्या किकला चालू. टोपण नुसतं टेकवून चालवून बघा. काही वेळा दिसायला भोक असतं पण वॉशर किंवा रंगाने बुजलेलं असतं, तेही तपासा. लायनर ओतताना कॉकच्या तोंडाशी जाड थर बसला नाही ना, हेसुद्धा त्या बाटलीच्या धारेवरून कळेल.

तेलकट_बोटं
तरी कंडेन्सर बदलून टाकाच. अकरा वर्षं उभ्या गाडीत जुना ठेवण्यात शहाणपण नाही.

भुंगा३५०
आत्ता करून बघितलं. बंद पडली तेव्हा टोपणाचा खटका दाबला तर फुस्स असा आवाज आला!! पाईपमधून आधी ठिबकत होतं, टोपण उघडल्यावर धार लागली. मग टोपण टेकवून स्टँडवर वीस मिनिटं सलग चालवली. एकदाही बंद नाही. दोन महिने, आणि एक भोक!
किकवाली ताई, दंडवत.

तेलकट_बोटं
स्टँडवर वीस मिनिटं? हवेने थंड होणारं इंजिन आहे ते, वारा लागला नाही तर नुसतं भाजतं. असं परत करू नका. पाच मिनिटं फार झाली, नाहीतर समोर मोठा पंखा लावा.

पाना_दहाअकरा
टोपण टेकवून रस्त्यावर मात्र जाऊ नका. क्लिप-ऑनवर वाकून बसल्यावर तुमची छाती टाकीच्या वर येते, ब्रेक मारला की पेट्रोल थेट अंगावर, नाहीतर तापलेल्या इंजिनावर. टोपण काढून नीट भोक करून घ्या किंवा हवेची वाट असलेलं टोपण आणा. टाकीवर बसवलेलं असताना ड्रिल मारू नका, हे सांगावं लागतंय कारण एकाने मारलं होतं.

भुंगा३५०
कळलं. आता दोनच छोट्या गोष्टी. अर्ध्याच्या वर रेस दिली की मिसिंग करते. आणि सुरुवातीला ढगासारखा धूर येतो, मग कमी होतो.

घासलेट
मिसिंग! मी पहिल्याच प्रतिसादात काय सांगितलं होतं? शंकूवाला फिल्टर लावलाय की नाही, हे अजूनही यांनी लिहिलेलं नाही.

भुंगा३५०
लावलाय. ते फोटोतच दिसतं की.

पाना_दहाअकरा
फोटो कुठे आहे?

भुंगा३५०
टाकायचा राहिला.

घासलेट
मेन जेट. एकेक नंबर वाढवत जा, प्रत्येक वेळी पूर्ण रेसवर थोडं पळवून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग बघा. स्लोवर बराच वेळ चालवून मग बघितलेला रंग स्लोचा असतो, मेन जेटचा नाही. मागे दोन नंबर म्हणालो होतो, ते अंदाजाने होतं.

तेलकट_बोटं
(हे कबूल केल्याबद्दल घासलेटरावांचे आभार.) धूर कंडेन्सरचा नाही, हे मीही कबूल करतो. या इंजिनात ऑइलचा साठा क्रँककेसच्याच वेगळ्या कप्प्यात असतो. गाडी फार दिवस उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपून क्रँकच्या बाजूला साचतं. चालू केल्यावर ते जळतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसच्या हवेच्या वाटेतून, बाहेर फेकलं जातं. चालू करण्याआधी खालचा बोल्ट काढून साचलेलं ऑइल पडू द्यायचं असतं. तुम्ही पाडलं होतं?

भुंगा३५०
ऑइल वरून ओतलं होतं. डिपस्टिकवर कमी दाखवत होतं म्हणून.

तेलकट_बोटं
म्हणजे आधीचं खाली साचलेलं, त्यावर आणखी. आता सगळंच पाडा, फिल्टर बदला, नवीन भरा. थोडं चालवून मग लेव्हल बघा. त्यानंतरही निळा धूर राहिला तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाईड, पण तो पुढचा धागा.

किकवाली
शनिवारी निघायच्या आधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३०८ असेल तर २००८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं.
आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. अंगठा टाकीत चिमटतो का, आणि स्लोवर चालू असताना हँडल वळवलं की रेस वाढते का. क्लिप-ऑन लावताना जुन्या केबल तशाच ठेवतात, मग त्या कुठेतरी ताणल्या जातात.

भुंगा३५०
आकडे वाचले. शेवटचे दोन ०९. शनिवार रद्द.
अंगठा चिमटतो, डावा. रेस वाढत नाही.

जुनं_ते_जुनं
मूळ हँडलला अंगठा चिमटत नसे.

टनअप_आजोबा
वळणाच्या रोधकाला एखादं मिलिमीटर वेल्डिंग चढवून घ्या, हँडल तेवढं कमी वळेल, अंगठा वाचेल. मात्र दोन्हीकडे सारखंच चढवा.

भुंगा३५०
बरं. आता शेवटचं, मग त्रास देत नाही. फुटरेस्ट मागे घेतलेत. ते मागे घेतल्यावर गिअरची दांडी उलटी फिरवून बसवावी लागली. पूर्वी पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली होते. आता पहिला खाली, बाकीचे वर. सवय होईल म्हणतात. पण उजवीकडचा फुटरेस्ट किकच्या आड येतो, किक अर्ध्यावर अडकते. आतापर्यंत फुटरेस्ट काढून किक मारायचो आणि मग परत बसवायचो.

पाना_दहाअकरा
म्हणजे गेले दोन महिने, दर पंधरा मिनिटांनी, तुम्ही फुटरेस्ट काढून किक मारून परत फुटरेस्ट बसवत होतात?

भुंगा३५०
हो. दहाचा पाना लागतो. का?

किकवाली
दुमडणारा फुटरेस्ट मिळतो. स्प्रिंगवाला.