वार, अपरा की झार? आणि 'नियंत्रण' करणारा कोण?

धंतोलीकर
गरोदर बायकांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करून राहिलो आहे. प्लासेंटा, म्हणजे पोटातल्या बाळाला नाळेवाटे पोसणारी वार. तिच्यातलं रक्त कसं कमीजास्त होतं, त्यावर दोन पानं आहेत. मी मथळा दिला 'वारेतील रक्तप्रवाहाचे नियंत्रण'. तपासणाऱ्या बाईंनी 'वार' खोडून 'अपरा' केलं आणि समासात लाल शाईनं लिहिलं, 'वार गाईची!' ते एक असो. मला खुपतो तो 'नियंत्रण' शब्द. नियंत्रण म्हटलं की कोणीतरी करणारा आला. वारेत मज्जातंतूच नाहीत, मेंदूचा हुकूम तिथवर जात नाही. तिथल्या वाहिन्यांच्या अस्तरातून निघणारं नायट्रिक ऑक्साइड त्यांना सैल करतं, थ्रॉम्बोक्सेन आणि एंडोथेलिन ही रसायनं आवळतात. याला काय म्हणावं?

सुईणीची नात
वार गाईची? माझी आजी इतवारीत घरोघरी बाळंतपणं करायची. बाळ रडलं तरी ती उठत नसे. 'वार पडू दे, मग चहा ठेव.' पडली की परातीत पसरून, एखादा तुकडा आत राहिला का ते बोटानं चाचपून पाहायची. अर्ध्या किलोच्या त्या गोळ्याला तिनं जन्मात 'अपरा' म्हटलं नाही.

काटोलचा संत्रेवाला
आमच्याकडे तर गाईची झार असते. 'झार अडकली' म्हणूनच डॉक्टरला फोन जातो.

निवृत्त मास्तर
झार, जार हे 'जरायु'चेच अपभ्रंश. जरायुज प्राणी शाळेत शिकलात ना? 'अपरा' हाच शास्त्रशुद्ध शब्द. आणि 'वार' माझ्या मते 'वारणे'वरून. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळू देत नाही, मधे वारते, म्हणून वार.

मेडिकलची सिस्टर
मास्तर, व्युत्पत्ती झकास, पण रक्त मिसळत नाही हे जुन्या सुइणींना कोणी सांगितलं होतं? वॉर्डात 'अपरा' म्हटलं तर पेशंट विचारते, 'कोण अपर्णा?' लॅटिनमध्ये तरी प्लासेंटा म्हणजे काय, चपटा केक. शास्त्रशुद्ध म्हणे!
पुस्तिकेत आणखी एक घोळ टाळा. 'धमनीत शुद्ध रक्त' ही शाळेची व्याख्या नाळेत उलटी पडते. नाळेतल्या दोन धमन्या बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे नेतात, प्राणवायू घेऊन परत येते ती एकटी शीर.

काटोलचा संत्रेवाला
भाऊ, मूळ प्रश्नावर माझा एक सवाल. कुठं प्राणवायू कमी पडला तर काय होते?

धंतोलीकर
वारेच्या ज्या भागात आईकडून प्राणवायू कमी येतो, तिथल्या बाळाच्या वाहिन्या आखडतात. बाळाचं रक्त मग जिथं प्राणवायू भरपूर तिकडे वळतं.

काटोलचा संत्रेवाला
मग हे तर ओलिताचं दारं मोडणं झालं. एका वाफ्याचं तोंड बुजवलं की दांडातलं पाणी दुसऱ्यात. फक्त फावडं घेऊन उभा राहणारा गडी नाही.

निवृत्त मास्तर
मग 'नियमन' म्हणा. नियम आहे, नियंता नाही.

सुईणीची नात
'नियमन' ऐकलं की मला भाडेनियंत्रण कायदाच आठवतो.

निवृत्त मास्तर
बाई, तो नियंत्रण कायदा. तेच तर सांगून राहिलो.

धंतोलीकर
'नियमन' पटतंय. पण आईकडच्या बाजूला तर आवळण्याची सोयच काढून टाकलेली असते. गर्भाकडच्या पेशी गर्भाशयाच्या सर्पिल धमन्यांत शिरतात, त्यांचा स्नायूंचा थर जातो, आणि त्या रुंद, ढिल्या नळ्या होऊन बसतात. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त येतं. हा बदल अर्धवट राहिला की बाळाची वाढ खुंटण्याचा, आईचं बीपी चढण्याचा धोका. 'नियमन' या ढिलाईलाही चालेल?

मेडिकलची सिस्टर
'सर्पिल' कोणाला कळणार? नाग नदीच्या गावात राहता, 'नागमोडी' लिहा की.

निवृत्त मास्तर
नागमोडी म्हणजे डावीउजवीकडे वळणारी. या धमन्या पीळ घेतात. 'मळसूत्री' हवं.

काटोलचा संत्रेवाला
मळसूत्र तर बोअरच्या पाइपाला असते बाप्पा.

सुईणीची नात
'वेटोळी'?

धंतोलीकर
पुस्तिका सोमवारी छापायला जाते. बाईंनी आत्ताच 'नाळ'ही खोडून 'नाभिरज्जू' केलंय.