घरच्या माणसाला मानसोपचारासाठी कसं तयार केलंत?

माळ्यावरची:
काल माळा आवरताना बाबांची फाईल सापडली. वर थायरॉइडचा रिपोर्ट, खाली मानसोपचारवाल्यांच्या चिठ्ठ्या. घडलंही त्याच क्रमाने. रिटायर झाल्यावर बाबा गप्पच झाले. दाढी आठवड्यातून एकदा, समोरच्या चहावर साय धरायची. विषय काढला की "येरवड्याला पाठवायचंय का मला?" येरवडा म्हणजे मनोरुग्णालय, पुण्यात यापुढे बोलणंच खुंटतं. शेवटी 'डिप्रेशन' वगैरे शब्दच सोडून दिले. "झोप लागत नाही ना, त्याचं बघू," एवढंच. फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं (थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असा मलूल होतो), ते नॉर्मल आलं, मग त्यांनीच चिठ्ठी दिली. त्यांचं ऐकलं, माझं नाही! गोळ्यांचे पहिले दोन आठवडे नुसती मळमळ. चौथ्या आठवड्यात बाबा खाली भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडताना ऐकू आले आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. तुमचं लिहा.

निम्मी:
कोथिंबीर!! आमच्याकडे सासूबाई. संध्याकाळी लिहिते, कुकर लावलाय.

चहाबाज:
माळा आवरलात हेच थोर. आमच्या माळ्यावर ८७ सालचा पाळणा आहे अजून.

माळ्यावरची:
आवरला कुठला, फाईल घेऊन शिडीवरच बसले.

बिनसाखरेचा:
आमचं चुकलं ते सांगतो. भावाला आवाज ऐकू यायचे. वर्ष देवरुषी, अंगारे, लिंबं यात घालवलं. मग डॉक्टर मिळाले तर हा गोळी घेईना, म्हणून आईने आमटीत कुस्करून घातली. वाटीच्या तळाला पांढरं दिसलं त्याला. आधीच "मला विष घालताय" म्हणायचा, आम्ही पुरावाच दिला हातात. चार महिने घरचं जेवला नाही, स्वतः अंडी उकडून खायचा. पुढे त्याचा जुना मित्र म्हणाला, "मीपण जातो रे, चल." झालं. आता महिन्याला इंजेक्शन, एकटा जाऊन घेऊन येतो.

सांगलीकर:
लपवून देऊ नका, +१. मिरज-सांगलीत कुणी लेडी डॉक्टर माहीत आहेत का? आई पुरुषांशी बोलत नाही. व्यनि (खासगी निरोप) करा प्लीज.

पाचवा मजला:
मुलगा २४. दार उघडत नाही. ताट बाहेर ठेवते, रात्री रिकामं मिळतं. सध्या फक्त वाचतेय.

खिडकी:
@पाचवा मजला, १४४१६ लावा. टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून. फुकट. मराठीत बोलतात. पेशंटनेच बोलायला हवं असं नाही, नवऱ्याशी कसं बोलू हे विचारायला मीच केला होता. तो तयार व्हायला पुढे सात महिने लागले, ते वेगळं.

पाचवा मजला:
करते उद्या. तो अंघोळीला गेला की.

आदू:
अवांतर: २०१७च्या कायद्याने मानसिक आजारालाही बाकी आजारांसारखाच विमा द्यायला लागतो. ताईला ॲडमिट केलं तेव्हा हे माहीतच नव्हतं, सगळे खिशातून भरले. आणि नातेवाईक विचारत होते, लग्नाचं काय!

निम्मी:
आले. सासूबाईंना म्हटलं, मलाच दाखवायचंय, सोबत चला. खोटं नव्हतं. डॉक्टर माझ्याशी बोलून झाले तर या खुर्ची पुढे ओढून म्हणतात, "आता माझं ऐका." दोघींना गोळ्या मिळाल्या. डब्या सारख्याच, म्हणून त्यांनी स्वतःच्या डबीला टिकली लावलीये. माझ्या पाकिटातली, महागातली.