दोन वर्षांच्या मुलाचा डोळा लाल, सकाळी पापण्या चिकटतात: घरी काय करावं?

प्रश्न
कालपासून मुलाचा उजवा डोळा लाल आहे, सारखा चोळतो. सकाळी पिवळसर चिपडांनी पापण्या चिकटल्या होत्या. सर्दी आहे, ताप नाही, खेळतोय नेहमीसारखा. मोठ्या मुलीचे डोळ्यांचे जुने थेंब घरात आहेत, ते घालू का? पुसायला गेलं की डोळा घट्ट मिटून घेतो.

प्रतिसाद १
जुने थेंब अजिबात नकोत. फोडलेली बाटली बहुतेक वेळा चार आठवड्यांनी टाकूनच द्यायची असते. शिवाय काही थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइडही असतं. डोळ्यात हर्पीस या विषाणूचा संसर्ग असेल, तर स्टेरॉइडने तो बुबुळावर बळावतो, आणि हे नुसतं बघून घरी ओळखता येत नाही. लाली घालवणारे थेंबही नकोत. चुकून पोटात गेले तर लहान मुलाला गुंगी येते, श्वास मंदावतो.

पुसण्याचं म्हणाल, तर घाई हीच चूक होते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ गॉझ (मलमपट्टीचं जाळीदार कापड) भिजवा, पिळा आणि मिटलेल्या पापणीवर मिनिटभर नुसता धरून ठेवा. खपली मऊ पडते. वाळलेली ओढली की पापणीचे केस उपटतात, दुखतं, आणि पुढच्या वेळी मूल जवळ येऊ देत नाही. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा आणि तो तुकडा फेका. पुन्हा पुसायचं तर नवा तुकडा. बरा डोळा आधी, लाल नंतर. कापसाचे तंतू डोळ्यात राहून खुपतात, म्हणून गॉझ बरा. आधी आणि नंतर साबणाने हात धुवा, टॉवेल-उशी वेगळी ठेवा.

प्रतिसाद २
डॉक्टरांनी थेंब दिलेच तर पापण्या ओढून उघडायची गरज नाही. मुलाला उताणं झोपवा, डोळे मिटलेलेच राहू द्या, नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब सोडा. डोळा उघडला की तो आपोआप आत जातो. दुसरा थेंब वायाच जातो, डोळ्यात तेवढी जागाच नसते. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

प्रश्नकर्ता
पाण्यात मीठ घालू का? आईचं दूध घालायलाही कुणी सांगितलंय.

प्रतिसाद १
दोन्ही नको. मिठाचा अंदाज चुकला की डोळा चुरचुरतो, आणि दूध निर्जंतुक नसतं. साधं उकळलेलं पाणी पुरतं.

प्रतिसाद ३
चिपडं पिवळी म्हणजे प्रतिजैविक हवंच, असं नाही. सर्दीबरोबर आलेले डोळे बऱ्याचदा विषाणूमुळे येतात, आधी एक मग दुसरा, आणि एक-दोन आठवड्यांत आपसूक बरे होतात. दोन्ही डोळे एकदम खाजत असतील, पाणी येत असेल आणि चिपडं नसतील, तर ॲलर्जीची शक्यता जास्त. तिथे गार ओली घडी पाच-दहा मिनिटं ठेवली की आराम पडतो.

मात्र उजेड सहन होत नसेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, डोळा दुखतोय म्हणून रडत असेल, किंवा पापणी सुजून ताप आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पुसत राहूनही दोन-तीन दिवसांत उतार नसेल तरीही. डोळ्यात साबण किंवा फिनाइलसारखं काही उडालं असेल, तर आधी वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धुवा आणि तिथून थेट दवाखाना गाठा.