कॉन्व्हेंटमधे आठवीला 'लाइफ स्किल्स'चे तास, मुलीला बसू द्यावं का?

जेलरोडची आई
नमस्कार, मुलगी आठवीत आहे, शाळा नाशिकरोडकडची, कॅथलिक संस्थेची. डायरीत संमतीपत्र आलंय, वयात येणं, पाळी, मैत्री, मोबाईल, व्यसनं असे विषय, सिस्टर आणि बाहेरच्या एक काउन्सेलर घेणार. सासूबाई म्हणतात एवढ्या लहान वयात कशाला, आणि मिस्टरांना भीती की यातून धर्माचं शिकवतील. मला तर वाटतं बसावं, पण सही करण्याआधी कोणाला अनुभव असेल तर सांगा ना.

सिडकोकर
आमचा मुलगा अशाच शाळेतून दहावी झाला. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला) जायची आणि बाकीची त्याच तासाला मॉरल सायन्सला, त्यामुळे धर्माचा त्रास असा कधी झालाच नाही. तसंही घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, मिस्टरांना हे दाखवा.

फळा_खडू
ताई, मी कॅथलिक शाळेतच शिकवते, स्वतः हिंदू आहे. सही करा. आमच्याकडे मुली चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न टाकतात आणि ते वाचून पोटात कालवतं, कोणीतरी फोटो मागतंय, कोणाला पाळी आली तेव्हा काय होतंय हेच कळलं नव्हतं, आणि घरी विचारायची सोय नाही. सासूबाईंना सांगा की लहान वय म्हणूनच आधी सांगायचं, पाळी काय आपल्याला विचारून येत नाही. चर्चचाही विरोध नाही, व्हॅटिकनच्या परिषदेने १९६५ मधेच म्हटलंय की वय वाढेल तसं मुलांना विवेकाने लैंगिक शिक्षण द्यावं. उलट २००७ मधे आपल्या राज्यातच हा विषय विरोधामुळे थांबवला होता.

एक मात्र स्पष्ट सांगते, गर्भनिरोधकांबद्दल चर्चची भूमिका वेगळी आहे, त्यामुळे तिथे मोकळं बोलणं होईलच असं नाही. तेवढा भाग तुम्ही घरी बोला. आणि शाळेला दोन गोष्टी नक्की विचारा: मुलांनाही पाळीबद्दल सांगणार का (आमच्याकडे सांगायला लागल्यापासून वर्गातली चिडवाचिडवी खूप कमी झाली), आणि एखाद्या मुलीने त्रासाचं काही सांगितलं तर पुढे काय करणार. पॉक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रमाणे असं कळल्यावर पोलिसांना कळवावंच लागतं, 'आपण मिटवून घेऊ' चालत नाही. मुलीला १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर पाठ असू द्या.

लेस्टरवाली_मावशी
माहेर पंचवटी, इथे भाचा कॅथलिक सेकंडरीत आहे. इंग्लंडमधे सप्टेंबर २०२० पासून नातेसंबंध-लैंगिक शिक्षण आणि आरोग्य हे विषय सरकारी निधीवर चालणाऱ्या सगळ्या सेकंडरी शाळांना सक्तीचे, कॅथलिक शाळांनाही, त्या आपल्या श्रद्धेच्या चौकटीत शिकवतात पण टाळू शकत नाहीत. पालक फक्त लैंगिक शिक्षणातून मुलाला बाहेर ठेवायची विनंती करू शकतात, आरोग्यातून किंवा विज्ञानाच्या तासातून नाही. शिवाय धोरण ठरवताना शाळेला पालकांशी बोलावंच लागतं, बहिणीने तेव्हाच सगळं वाचायला मागितलं होतं. तुम्हीपण मागा, लाजू नका.

जेलरोडची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. सही करतेय. शनिवारी पेरेंट मीटिंग आहे, मिस्टरांनाही नेते, काय शिकवणार ते बघायला मागू आणि फळा_खडू ताईंचे दोन्ही प्रश्न मिस्टरच विचारणार म्हणाले. गर्भनिरोधकांचा जो भाग घरी बोलायचा त्याला सुरुवात कशी करायची तेवढं ताई तुम्ही सांगाल का?