हात कधी थांबवायचा?

रंधा:
गेल्या महिन्यात सागवानाची एक छोटी पेटी केली. झाकण इतकं चपखल बसलं होतं, की वरून सोडलं तर आतली हवा दाबत सावकाश खाली उतरायचं. १२० चा पॉलिश पेपर झाला, १८० झाला, २२० झाला (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक). वर फक्त तेल द्यायचं होतं, म्हणजे तिथे थांबायला काहीच हरकत नव्हती. पण हाताला चटक लागली. झाकणाच्या आतल्या ओठावरूनही घासत ६०० पर्यंत गेलो. लाकूड काचेसारखं झालं आणि झाकण खुळखुळायला लागलं.

मी अधूनमधून कथा लिहितो. त्याच आठवड्यात एका कथेचा अकरावा खर्डा वाचत होतो आणि तोच खुळखुळाट ऐकू आला. चौथ्या खर्ड्यात म्हातारीच्या तोंडी एक ओबडधोबड वाक्य होतं. अकराव्यात ते कुणाच्याही तोंडी खपेल असं झालं होतं.

तर माझं म्हणणं असं, की हातकामात वस्तूच सांगते, बास. शब्द मात्र कितीही घासा, कुरकुरत नाहीत. म्हणून लिहिणाऱ्यांनी थांबणं हातकामाकडून शिकावं. पटतंय का?

उलट_सुलट:
अजिबात नाही. लाकडाने कधी सांगितलं? झाकण सैल झाल्यावर. त्याला सांगणं नाही, बोंब मारणं म्हणतात.

मी विणकाम करते. स्वेटर कुठे संपतो हे मला लोकर सांगत नाही. छाती, उंची, बाहीचा घेर मी पहिला टाका घालायच्या आधीच लिहून ठेवलेलं असतं. तेवढं झालं की टाके बंद. तुमच्या पेटीलाही माप होतंच की. ते विसरून तुम्ही चकाकीमागे लागलात, त्यात सागवानाचा काय दोष?

आणि 'वस्तू सांगते' यावर फार विसंबू नका. जाळीची शाल सुईवरून उतरते तेव्हा चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. माझी पहिली शाल मी तशी बघून अर्धी उसवली होती, रडत. मग कळलं, की ती पाण्यात भिजवायची, टाचण्या लावून ताणायची आणि वाळू द्यायची. तेव्हा कुठे जाळी उघडते. म्हणजे काम अजून संपलंच नव्हतं आणि मी निकाल देऊन मोकळी. वर लोंबणारी टोकं आत ओवणं राहतंच. ते कंटाळवाणं काम टाळण्यासाठीच बरेच जण 'अजून दोन ओळी विणते' म्हणत बसतात, हे माझं निरीक्षण (स्वतःवरून).

ओली_माती:
मी रंधा यांच्या बाजूने. माती आधी सांगते, पण डोळ्यांना नाही, बोटांना. चाकावर एखादं भांडं फार वेळ खेळवलं की माती पाणी पिऊन ढिली पडते. 'माती थकली' म्हणतात ते हेच. भिंत अजून उभी असते, पण बोटाखाली तिचा जोर गेलेला कळतो. आणखी एकदा वर ओढायला गेलात, की बसलीच.

तळ कोरतानाही तसंच. भांडं अर्धवट सुकलं की उपडं ठेवून कोरायचं, मधूनमधून बोटाने टकटक करायची. जाड तळाचा आवाज ठोस येतो. तो बदलला की कोरायची पत्री खाली ठेवायची. नवखा माणूस 'अजून थोडं हलकं करू' म्हणतो आणि आरपार भोक पाडतो. माझी अशी सात-आठ भोकं आहेत. आठव्यानंतर आवाज ऐकू यायला लागला.

उलट_सुलट:
म्हणजे आठ भांडी फोडल्यावर माती बोलायला लागली! मग बोलली कोण, माती की सवय?

ओली_माती:
सवयच म्हणा. पण ती मातीत हात घालूनच लागली ना, वहीत माप लिहून नाही.

घाईत:
डेडलाइन. विषय संपला.

गेरू:
@घाईत, विषय संपला तरी चित्र संपत नाही.

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरताहेत, की 'पूर्ण' नावाची एक जागा असते आणि आपण तिच्या अलीकडे तरी असतो नाहीतर पलीकडे. मला ती जागाच मान्य नाही. मायकेलअँजेलोचं शेवटचं शिल्प बघा, मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातलं, मेरी आणि येशूचं. १५६४ साली वयाच्या ८८ व्या वर्षी ते गेले, त्याच्या काही दिवस आधीपर्यंत त्यावर छिन्नी चालू होती. आधी कोरलेलं शरीर फोडून त्यांनी त्याच दगडातून नवं, बारीक शरीर काढायला घेतलं. जुन्या येशूचा एक गुळगुळीत हात मात्र बाजूला तसाच उभा आहे, कुठल्याच शरीराला न जोडलेला. रंधा यांच्या हिशेबाने हे घासून वाया घालवलेलं काम. मला मात्र मायकेलअँजेलोच्याच कितीतरी चकचकीत मूर्तींपेक्षा तो सुटा हात जास्त धरून ठेवतो.

दुसरं उदाहरण इंग्रज चित्रकार टर्नरचं. १८३२ च्या लंडनमधल्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्यांचं करडं समुद्रचित्र भिंतीवर लागलेलं होतं, शेजारी कॉन्स्टेबलचं लाल-सोनेरी चित्र. शेवटचे हात फिरवायला चित्रकारांना काही दिवस मिळत. टर्नर आले, करड्या पाण्यावर नाण्याएवढा लाल ठिपका ठेवला आणि निघून गेले. शेजारचं चित्र फिकं पडलं. 'झालं आता' म्हणून ते घरी बसले असते तर?

उलट_सुलट:
गेरू, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ठिपका एकच होता. नंतर ते पुन्हा आले तेव्हा दुसरा लाल ठिपका दिला नाही, त्यालाच आकार देऊन पाण्यावरचा बोया केला. लाल रंग हातात असताना दुसरीकडे कुठे न लावणं, मला विचाराल तर खरी करामत ती.

सुट्या हाताबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मी असते तर काढून टाकला असता. आणि बहुतेक चुकले असते.

रंधा:
धागा मीच काढला, त्यामुळे कबूल करतो: 'वस्तू सांगते' हे मी जरा फुशारकीत लिहिलं. २२० ला थांबायचं हे मला ठाऊक होतं. सागवान गप्पच होतं, मीच ऐकत नव्हतो.

पण उलट_सुलट, मापाची वही कथेला कुठून आणू? म्हातारी काय बोलणार हे मला तिसऱ्या पानापर्यंत माहीतच नव्हतं.

काल चौथा खर्डा काढून मोठ्याने वाचला, टकटक करून बघावी तसा. म्हातारीचं वाक्य जिभेला अडलं. तसंच परत घातलं. अकराव्यातला एक परिच्छेद मात्र खरोखरच चांगला होता, तोही ठेवला. आता दोन्हींचा पोत जुळत नाही आणि सांधा स्वच्छ दिसतोय. त्यावर पेपर मारू की राहू देऊ?

ओली_माती:
किती नंबरचा?